दाब आणि शेजार

माझ्या लिहिण्याच्या टेबलावर कॅल्साइटचा एक स्फटिक कित्येक वर्षे होता. कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला, एरवी दुर्लक्षित. मागच्या महिन्यात एक पुस्तक ओढताना त्याला हात लागला आणि तो खाली फरशीवर पडला. काच फुटते तसा तो वेडावाकडा फुटला नाही. त्याचे सात-आठ तुकडे झाले आणि प्रत्येक तुकडा, अगदी नखाएवढासुद्धा, मूळ स्फटिकाच्याच घडणीचा निघाला: एका बाजूला रेललेल्या छोट्या डबीसारखा, सहाही बाजू गुळगुळीत, कोन तेच. भूशास्त्रात या गुणाला पाटन म्हणतात. शब्द मला ठाऊक होता, पण आपल्या हातून वस्तू फुटते तेव्हाच तो खऱ्या अर्थाने कळतो.

तुकडे वेचता वेचता एक मोठा तुकडा उघड्या पुस्तकावर ठेवला, तर त्याच्याखालची ओळ दोनदा दिसू लागली. तुकडा जागच्या जागी फिरवला की एक ओळ स्थिर राहते आणि दुसरी तिच्याभोवती फेर धरते. आइसलँडहून आलेल्या अशाच पारदर्शक स्फटिकांमधली ही गंमत डेन्मार्कच्या एरास्मुस बार्थोलिन यांनी १६६९ मध्ये लिहून ठेवली. तिचे कारण समजायला पुढे फार काळ जावा लागला, कारण ते स्फटिकाच्या अगदी आतल्या मांडणीत आहे.

कॅल्साइट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यातल्या कार्बोनेटचा घटक म्हणजे एक चपटा त्रिकोण: मध्यभागी कार्बनचा एक अणू, तीन कोपऱ्यांवर ऑक्सिजनचे तीन अणू, आणि चौघेही एकाच पातळीत. कॅल्साइटमध्ये हे सगळे त्रिकोण एकमेकांना समांतर, थराथरांनी निजलेले असतात आणि दोन थरांच्या मध्ये कॅल्शियमचा थर असतो. प्रकाशाची कंपने त्रिकोणांच्या पातळीत असली तर त्याला भेटणारा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश पदार्थात किती मंदावतो त्याचे माप, १.६५८ असतो, पातळीला लंब असली तर तो १.४८६ पर्यंत उतरतो. एकाच स्फटिकात प्रकाशाला दोन वेग मिळतात आणि म्हणून एका ओळीच्या दोन ओळी होतात. उष्णता आणि दाब यांनाही हीच मांडणी जाणवते. कॅल्साइट तापवला तर तो थरांच्या लंब दिशेने वाढतो आणि थरांच्या पातळीत चक्क किंचित आकसतो. दाबला तर लंब दिशेनेच अधिक दबतो. त्रिकोण स्वतः जवळजवळ दबत नाही. दबते ते त्रिकोणांमधले अंतर. कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यातले सुमारे १.२८ अँगस्ट्रॉमचे (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) अंतर हे या खनिजातले सर्वांत चिवट माप आहे आणि ते मोडायला किती खोल जावे लागते, हा या लेखाचा विषय आहे.

वरवर पाहता कॅल्साइटची ख्याती चिवटपणाची नाही. खनिजशास्त्राच्या पहिल्याच प्रात्यक्षिकात आमच्यासमोर त्याचा तुकडा ठेवलेला होता. पोलादी पात्याने ओरखडा उठला, कारण मोह्‌स मापश्रेणीवर त्याची कठिनता फक्त ३ आहे. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकताच बुडबुडे फसफसून वर आले आणि थेंब वाळल्यावर तिथे एक निस्तेज खळगा राहिला. मी वहीत मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले: मऊ, ठिसूळ, आम्लात विरघळणारे, तापवल्यास विघटन पावणारे खनिज. वही परत आली तेव्हा शेवटच्या कलमापुढे लाल शाईने दोनच शब्द लिहिलेले होते: "कोणत्या दाबाला?" तेव्हा तो मला खोचकपणा वाटला. आज वाटते की खनिजशास्त्राचा अर्धा अभ्यासक्रम त्या दोन शब्दांत होता आणि उरलेला अर्धा त्यांत नव्हता. त्या उरलेल्या अर्ध्याकडे मी शेवटी येणार आहे.

हा प्रश्न जुना आहे. भट्टीत चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की कार्बन डाय-ऑक्साइड निघून जातो आणि मागे चुना उरतो, हे चुना भाजणाऱ्यांना हजारो वर्षे ठाऊक होते. कार्बोनेटातून निघणारा हा वायू म्हणजे साधी हवा नव्हे, हे जोसेफ ब्लॅक यांनी १७५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखवले. ब्लॅक यांचे स्नेही, भूशास्त्रज्ञ जेम्स हटन मात्र म्हणत होते की पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने खडक वितळतात आणि नव्याने घडतात, चुनखडीचा संगमरवरही त्यातूनच होतो. त्यावर टीकाकारांचा आक्षेप बिनतोड होता: इतकी उष्णता असेल तर चुनखडीचा संगमरवर कसा होईल, तिचा चुना व्हायला हवा. हटन यांचे उत्तर असे की खोलवर वरच्या थरांचा एवढा भार असतो की वायूला निसटायला वावच मिळत नाही. उत्तर बरोबर होते, पण ते तपासून पाहण्यात त्यांना रस नव्हता. एवढ्याशा मुशीत डोकावून पृथ्वीच्या प्रचंड व्यवहारांचा निवाडा करू पाहणाऱ्यांविषयी त्यांना फारसा आदरही नव्हता.

त्यांचे तरुण मित्र सर जेम्स हॉल यांना मात्र मुशीत डोकावायचेच होते. हटन यांच्या हयातीत त्यांनी संकोचाने हात आवरला. १७९७ मध्ये हटन वारले आणि पुढच्याच वर्षी हॉल यांनी कामाला सुरुवात केली. साधन कोणते, तर बंदुकीची नळी. नळीत खडूची भुकटी ठासायची, तोंड घट्ट बंद करायचे आणि एक टोक भट्टीत सरकवायचे. तोंड बंद करण्यासाठी त्यांनी आधी ठासलेली माती वापरून पाहिली, मग कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू ओतून पाहिला. नळ्या फाटत, वायू गळे, भट्टीची हानी होई. वायू किती निसटला हे ते आधीच्या आणि नंतरच्या वजनातून काढत. अशा पाचशेहून अधिक प्रयोगांनंतर त्यांच्या हाती घट्ट, चमकदार कणांचा, संगमरवरासारखा दगड आला. सुमारे ५२ वातावरणांचा दाब, म्हणजे अंदाजे १,७०० फूट खोल समुद्रतळाशी असतो तेवढा, भुकटीची चुनखडी व्हायला पुरेसा आहे, असा त्यांचा हिशेब होता. मला हॉल यांचे सर्वाधिक कौतुक वाटते ते त्यांच्या फाटलेल्या नळ्यांमुळे. खोल पृथ्वीची पहिली प्रयोगशाळा शिकारीच्या साहित्यातून उभी राहिली आणि तिच्यात घातलेला पहिला महत्त्वाचा नमुना कार्बोनेटचा होता.

तत्त्व सोपे आहे. वायूला जागा फार लागते. दाब वाढला की ज्या मांडणीला कमी जागा लागते तिचे पारडे जड होते आणि म्हणून कार्बन डाय-ऑक्साइड घन खनिजाच्या आतच राहतो. पुरेसा दाब आणि १,३०० अंशांहून जास्त तापमान असेल तर कॅल्साइटचे विघटन न होता तो सरळ वितळतो. माझ्या वहीतले शेवटचे कलम तिथेच खोटे ठरते.

इथे भाषेविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते. मराठीत दबाव माणसावर येतो आणि दाब पदार्थावर. हा भेद फार उपयोगाचा आहे आणि विज्ञानाविषयी लिहिताना आपण तो वारंवार पुसून टाकतो. चिरडून टाकणारा, भयंकर, अकल्पनीय असा दाब खनिजे 'सोसतात', असे वाचले की मला अवघडायला होते. खनिज काही सोसत नाही. ते कमी जागेत मावणारी मांडणी शोधते आणि तापमान अनुकूल असेल तर ती घेते. कुठे किती दाब आहे एवढे मात्र मनात पक्के असावे. एक गिगापास्कल म्हणजे सुमारे दहा हजार वातावरणे. शंभर किलोमीटर खोलीवर सुमारे ३ गिगापास्कल, ६६० किलोमीटरवर, म्हणजे कवच आणि गाभा यांच्यामधल्या जाड थराचा, प्रावरणाचा, वरचा भाग संपून खालचा सुरू होतो तिथे, सुमारे २४, आणि २,८९० किलोमीटरवर, गाभ्याच्या सीमेवर, १३६. हॉल यांच्या नळीतला दाब या हिशेबात पृष्ठभागापासून हलतसुद्धा नाही.

नळीच्या पुढे जाण्यासाठी हार्वर्डच्या पर्सी ब्रिजमन यांची यंत्रे यावी लागली. त्यांनी १९३९ मध्ये नोंदवले की सामान्य तापमानालाच कॅल्साइट सुमारे १.५ गिगापास्कलला एकदा आणि २ गिगापास्कलच्या आसपास पुन्हा एकदा आपली रचना बदलतो. पण जाड पोलादाच्या आत काय चालले आहे ते डोळ्यांनी दिसत नव्हते. दिसू लागले १९५८-५९ च्या सुमारास, अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत. तिथे ॲल्विन व्हॅन व्हॅल्केनबर्ग, चार्ल्स वेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन हिऱ्यांची टोके समोरासमोर आणून त्यांच्या चिमटीत नमुना दाबायची युक्ती काढली. त्यासाठीचे हिरे तस्करांकडून जप्त होऊन सरकारजमा झालेले होते. हिरा कठीण असतो आणि शिवाय पारदर्शक असतो. दाबता दाबता आत पाहता येते, प्रकाश आणि क्ष-किरण आरपार जातात. आणि त्या चिमटीत अगदी सुरुवातीला अभ्यासलेल्या पदार्थांत पुन्हा कॅल्साइटच होता.

हे उपकरण पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझा विश्वास बसला नाही. मुठीत मावेल असा धातूचा गोल ठोकळा आणि त्याला चार स्क्रू. जोर फारसा लागतच नाही, कारण सगळी किमया क्षेत्रफळाची आहे: ०.१ मिलिमीटर व्यासाच्या सपाट टोकावर ८० किलोग्रॅम वजन टेकवले, तर त्या टोकाखाली सुमारे १०० गिगापास्कल दाब तयार होतो. दोन हिऱ्यांमध्ये धातूचा पातळ पत्रा, पत्र्याला केसाएवढे भोक, भोकात नमुन्याचा कण आणि त्याच्याशेजारी माणकाचा एक बारीक कण. त्यावर लेसरचा प्रकाश टाकला की माणकाची लाल चमक दाबानुसार थोडी थोडी सरकते. ती मोजली की दाब कळतो.

मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितले आणि मागे कुणीतरी चौथाई फेरा, मग आणखी थोडा, असे स्क्रू आवळत गेले. बराच वेळ काहीच घडले नाही. स्वच्छ, रंगहीन, पाण्याच्या थेंबासारखा तुकडा आणि कडेला लालसर माणिक. मग एका क्षणी तुकड्यावर सरळ, समांतर रेषांची नक्षी उमटली; अगदी तत्काळ, जणू कुणी काचेवर कंगवा फिरवला. आणखी दाबल्यावर तुकड्याची तुकडी-तुकडी झाल्यासारखी दिसू लागली आणि त्याची स्वच्छ झळाळी गेली. स्क्रू सैल केले तेव्हा सगळे उलट क्रमाने घडले आणि शेवटी जवळपास पहिल्यासारखा कॅल्साइट समोर होता. मला वाटले होते की दाबाची खूण दगडावर कायमची उमटत असेल. कॅल्साइटच्या या दोन रूपांच्या बाबतीत तसे नसते. दाब काढला की ती उरतच नाहीत, म्हणून ती निसर्गात कुठे वेचायला मिळत नाहीत.

ब्रिजमन यांची ही रूपे म्हणजे खरे तर तडजोडी आहेत: तापमान कमी, अणूंना फार हलता येत नाही, म्हणून त्रिकोण जागच्या जागी थोडे वळतात, थोडे कलतात आणि जागा वाचवतात. पुरेसे तापमान आणि पुरेसा काळ मिळाला तर कॅल्शियम कार्बोनेट मुळापासून नवी मांडणी करते. तिचे नाव ॲरॅगोनाइट. कॅल्साइटमध्ये प्रत्येक कॅल्शियमला सहा ऑक्सिजन शेजारी असतात, ॲरॅगोनाइटमध्ये नऊ, घनता २.७१ वरून सुमारे २.९३ होते. आता हेच खनिज अनेक शिंपल्यांत आणि प्रवाळांत समुद्राच्या साध्या पाण्यात तयार होते, कारण जिवंत पेशी रसायनाला आडवाटेने नेऊ शकतात. म्हणून ॲरॅगोनाइट दिसला की खोली आठवायची, असा नियम करता येत नाही. कॅलिफोर्नियातल्या फ्रान्सिस्कन खडकांतला ॲरॅगोनाइट मात्र खरोखर खोलवर घडलेला आहे, आणि तिथे नवल त्याच्या घडण्याचे नसून टिकण्याचे आहे. वर येताना खडक तापलेले राहिले असते तर तो पुन्हा कॅल्साइट झाला असता. तो उरला याचाच अर्थ ते खडक थंड राहूनच वर आले.

इथपर्यंत गोष्ट एकट्या खनिजाची आहे. बरीच वर्षे मी ती तशीच समजत आलो: दाबाचा आकडा सांगा, रूपाचे नाव सांगतो. पण हिऱ्याच्या चिमटीत नमुना एकटा असतो आणि पृथ्वीत काहीच एकटे नसते. समुद्रतळावरची चुनखडी, तिच्याखालच्या बेसाल्टच्या भेगांमधला कॅल्साइट, हे सगळे घेऊन एक भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या बाहेरच्या कठीण थराचा सरकता तुकडा, दुसऱ्याखाली सरकत प्रावरणात उतरतो. अशा वाटेने दरवर्षी खाली जाणाऱ्या कार्बनचा एक जाणता अंदाज ४ ते ६.६ कोटी टनांचा आहे. त्यातला पुष्कळसा पाण्यात विरघळून किंवा वितळून ज्वालामुखींच्या वाटेने परत वर येतो, काही खंडांच्या तळाशी अडकतो. आणखी खोल नेमके किती पोचते, यावर तज्ज्ञांमध्ये अजून वाद आहे.

जे पोचते त्याला तिथे मॅग्नेशियम भेटते. प्रावरणाचा खडक मुख्यतः मॅग्नेशियमच्या सिलिकेटांचा आहे आणि त्या सहवासात कार्बोनेट आपला कॅल्शियम सोडून मॅग्नेशियम घेते. आधी डोलोमाइट, जिच्यात दोघे अर्धे-अर्धे, आणि दीडशे-एक किलोमीटरच्या पलीकडे मॅग्नेसाइट, म्हणजे मॅग्नेशियमचे कार्बोनेट. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' असे आपण म्हणतो. इथे नुसता गुण लागत नाही, वाणच बदलतो. आणि हा बदललेला वाण कमालीचा टिकाऊ निघतो. कॅल्शियम कार्बोनेट एका पाठोपाठ एक रूपे पालटत जाते: प्रयोगांत १५ गिगापास्कलच्या आसपास एक, ४० च्या आसपास आणखी एक. मॅग्नेसाइट मात्र कॅल्साइटचीच साधी रचना, तेच समांतर निजलेले त्रिकोण, ८० गिगापास्कलपर्यंत म्हणजे सुमारे १,९०० किलोमीटर खोलीपर्यंत जसेच्या तसे घेऊन जाते. मॅग्नेशियमचा अणू लहान आहे, सहा ऑक्सिजनांच्या घरात तो नीट बसतो आणि दाटी झाली तरी त्याला मोठे घर लागत नाही. माझ्या टेबलावर जी घडण फरशीवर पडून फुटली, तीच घडण वेगळा धातू मिळाल्यावर पृथ्वीच्या त्रिज्येच्या चौथ्या हिश्शाहून अधिक अंतर पार करून जाते.

कार्बोनेटात लोह असले तर आणखी वेगळे घडते. लोहाच्या कार्बोनेटाला सिडेराइट म्हणतात. दाब ४० ते ४५ गिगापास्कलपर्यंत नेला की लोहाच्या अणूतले सुटे इलेक्ट्रॉन जोड्या करतात, अणू आकसतो आणि स्फटिकाचे आकारमान एकदम सुमारे दहा टक्क्यांनी घटते. चिमटीतल्या फिक्या कणाला आधी हिरवट झाक येते आणि मग तो लाल होतो. हजारेक किलोमीटर खोलीच्या घटनेची बातमी एका रंगाने यावी, ही मला या साऱ्या विषयातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. तिचा अर्थ रंगाच्या पलीकडचा आहे: आकसलेले लोह कमी जागेत मावते, म्हणून त्या खोलीवर लोहयुक्त कार्बोनेटांना टिकून राहायला आधार मिळतो.

आणि मग त्रिकोण मोडतो. कार्बनच्या बरोबर खाली आवर्त सारणीत सिलिकॉन आहे. पृष्ठभागावर या दोघांच्या वागण्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो: सिलिकॉनला चार ऑक्सिजन लागतात, त्यांचे चतुष्फलक, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंचे घनाकार, एकमेकांचे कोपरे धरून साखळ्या, पत्रे आणि जाळ्या करतात आणि त्यांतून जगातले बहुतेक खडक होतात, कार्बनला तीनच पुरतात आणि त्याचे त्रिकोण एकमेकांना कधी जोडले जात नाहीत. तीन ऑक्सिजनांच्या चपट्या घरात कार्बनच्या वर आणि खाली रिकामी जागा उरते, आणि दाबाला रिकामी जागा चालत नाही. आर्टेम ओगानोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये गणिताने भाकीत केले की प्रावरणाच्या तळाशी कॅल्शियम कार्बोनेटातला कार्बन चौथा ऑक्सिजन जवळ करेल. पुढच्या काळात प्रयोगांनी ते दाखवले, आणि शंभर गिगापास्कलच्या थोडे वर चतुष्फलकांच्या साखळ्या असलेले रूप सापडले. लोह मिसळलेल्या मॅग्नेसाइटमध्ये हा बदल ८० गिगापास्कलच्या आसपास सुरू होताना दिसला. तिथे तीन-तीन चतुष्फलकांची कडी तयार होते. दाबाखाली कार्बन सिलिकॉनचे वळण गिरवू लागतो, असे म्हणता येईल. १.२८ अँगस्ट्रॉमचे ते चिवट अंतर तिथे लांबते, वाढलेल्या दाबाखाली लांबते, कारण तीनऐवजी चार जण सामावून घ्यायचे असतात. एकेक बंध सैल करून एकूण घर घट्ट करायचे, हा हिशेब मला समजायला फार वेळ लागला.

लाल शाईतल्या प्रश्नाचे उत्तर इथे पूर्ण होते. पण मघाशी म्हणालो तो उरलेला अर्धा भाग पुढे आहे, कारण वरचे सगळे आकडे कार्बोनेट तिथपर्यंत कार्बोनेट म्हणून पोचले तरच लागू पडतात. सुमारे अडीचशे किलोमीटरच्या खाली प्रावरणातल्या खनिजांची लोहाशी वागणूक बदलते. दाबाखाली ती ऑक्सिडीकृत लोह आवडीने पोटात घेतात आणि त्याचा तोल सांभाळताना थोडे लोह शुद्ध धातूच्या रूपात बाहेर पडते. धातुरूप लोहाला ऑक्सिजनची ओढ असते. त्याच्या सहवासात कार्बोनेट आले की लोह ऑक्सिजन ओढून घेते आणि मागे उरतो नुसता कार्बन. त्या दाबाला नुसता कार्बन म्हणजे हिरा. लाखो वातावरणांना न जुमानणारे खनिज शेजारच्या चिमूटभर धातूपुढे संपते. सिलिकाचा शेजारही असाच घातक असतो. भूपट्टातली सिलिका आणि कार्बोनेट यांची खोलवर गाठ पडली तर त्यातूनही शेवटी हिरा निघू शकतो. कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या अदलाबदलीलाही कायमची दिशा नाही. वरच्या थरांत मॅग्नेसाइट जिंकते, तर खालच्या प्रावरणातल्या दाबाला हीच अभिक्रिया उलटून कॅल्शियम कार्बोनेट पुन्हा तयार होऊ शकते, असे अलीकडच्या प्रयोगांत दिसले आहे.

शिवाय वितळण्याचा धोका वाटेतच असतो. कार्बोनेटाच्या सोबतीने खडक एरवीपेक्षा शेकडो अंश कमी तापमानाला वितळू लागतो. समुद्रतळाच्या बेसाल्टवर झालेल्या प्रयोगांवरून असे मानले जाते की बहुतेक भूपट्टांतला कार्बोनेटयुक्त भाग ३०० ते ७०० किलोमीटरच्या दरम्यान वितळतो आणि त्याच्याहून खाली फार थोडे कार्बोनेट उतरते. हा द्रव सिलिकेटच्या लाव्ह्यासारखा चिकट नसतो. त्याचा जो थोडाफार नमुना आपल्याला उघड्यावर पाहायला मिळतो तो टांझानियातल्या ओल डोइन्यो लेंगाई ज्वालामुखीवर: ५०० ते ६०० अंशांचा, तेलासारखा पातळ, काळा लाव्हा, जो हवेतली आर्द्रता लागून काही दिवसांत पांढरा पडतो. त्यात सोडियम आणि पोटॅशियम भरपूर आहे, म्हणून तो खोल प्रावरणातल्या द्रवाचा अगदी सख्खा भाऊ नव्हे. पण कार्बोनेट वितळले की किती चपळ होते, हे त्याच्याकडे पाहून पटते.

खोल गेलेल्या कार्बोनेटाचा प्रत्यक्ष पुरावा थोडा आहे आणि जो आहे तो हिऱ्यांच्या आत आहे. ब्राझीलमधल्या जुइना भागातल्या काही हिऱ्यांत कॅल्साइटचे, डोलोमाइटचे, मॅग्नेसाइटचे बारीक कण सापडले आहेत. वाढता वाढता हिऱ्याने त्यांना पोटात घेतले आणि ज्वालामुखीच्या नळीतून वर आणले. दागिन्याच्या दृष्टीने असा हिरा डागाळलेला. पण त्या डागाभोवतीची भिंत आणि आतला कण, दोन्हींत कार्बनच: एकीकडे ऑक्सिजन हिरावून घेतलेला, दुसरीकडे तीन ऑक्सिजन सांभाळून राहिलेला, आणि मध्ये अंतर काही मायक्रॉनचे. कुणाच्या वाट्याला कोणता शेजार आला, एवढ्यावरून हा फरक पडला असावा.

त्या कणांकडे पाहून खोली वाचता येत नाही, ही त्यांची अडचण आहे. वर येताना दाब उतरला की सूक्ष्मदर्शकाखाली माझ्यासमोर घडले तेच तिथेही घडते: खाली त्याचे रूप काहीही असले तरी वर हाती येतो तो साधा कॅल्साइट, समांतर निजलेले त्रिकोण, कठिनता ३. जुइनाच्या हिऱ्यांतल्या अशा कणांची खोली ठरवायला संशोधकांना त्याच हिऱ्यांतल्या कॅल्शियम सिलिकेटांची साक्ष काढावी लागली, कारण ती खोलवरच घडणारी खनिजे आहेत आणि तिथली खूण त्यांनी पूर्ण पुसू दिलेली नव्हती. ती सोबत नसती, तर कॅल्साइटचा तो कण समुद्रतळावरच्या कोणत्याही चुनखडीतला म्हणून सहज खपून गेला असता.